गुरुवारी सात वाजता शाळेला कुलूप होतं

हे प्रकरण दारू सोडू पाहणाऱ्या एका माणसाचं आणि त्यांच्या बायकोचं आहे. ते लिहायला मी दोघांची परवानगी घेतली आहे. गाव, वय, नातेवाईक असे ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत. कामाचं स्वरूप मात्र तसंच ठेवलं, कारण ते बदललं तर प्रकरण कळणारच नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात हे गृहस्थ फिटर आहेत. कारखान्यात सगळे त्यांना फिटरदादा म्हणतात, मीही तेच म्हणते, आणि त्यांच्या बायकोला वहिनी. मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे.

दारू सोडण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे बोलणं लगेच इच्छाशक्तीवर जातं. इथे इच्छा होती. अडलं ते पत्त्यावर, एसटीच्या वेळापत्रकावर आणि माझ्या निष्काळजीपणावर. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी वहिनी आल्या

वहिनी पहिल्यांदा आल्या त्या स्वतःचं बीपी तपासायला. केसपेपर काढला, रांगेत उभ्या राहिल्या, गोळ्या घेतल्या आणि मग माझ्या खोलीच्या दारात उगाच घुटमळल्या. "ताई, दुसऱ्याचं विचारलं तर चालतंय का?"

फेब्रुवारी होता, गळीत हंगाम जोरात. फिटरदादा मिलहाउसला. पाळी दर आठवड्याला बदलते. रोज तीन क्वार्टर देशी, कधी चार. त्यातली पहिली सकाळी, चहाच्या आधी. "मजा म्हणून न्हाई ओ," वहिनी म्हणाल्या, "हात थरथरतोय. पाना बोल्टवर बसत न्हाई. थोडी पोटात गेली की हात थांबतोय."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. सकाळी हात थांबवायला लागते ती दारू वेगळी. ती सवय राहिलेली नसते, शरीर तिच्यावर चालत असतं.

यापूर्वी त्यांनी काय काय करून पाहिलं, हे विचारायला मला तीन भेटी लागल्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते श्रावण पाळायचे. सासूबाई तेच धरून बसल्या होत्या: महिनाभर सुटते म्हणजे मनावर घेतलं तर कायमची सुटेल. मग एका आषाढीला पंढरपूरला जाऊन माळ घातली. अकरा महिने थेंबाला शिवले नाहीत. साडूच्या घरच्या लग्नात एका रात्री मोडलं. सकाळी उठून त्यांनी स्वतःच माळ उतरवली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. पुन्हा घालायची त्यांची हिंमत झाली नाही आणि पेटीत ठेवायला वहिनींचं मन झालं नाही. माळ तिथेच राहिली.

त्यानंतर वहिनींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातीतली पूड मागवली आणि सकाळच्या चहात घातली. त्या दिवशी ते दारू प्यायले आणि तासाभरात तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. तपासणाऱ्या डॉक्टरांना डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू प्यायली की असा त्रास करणाऱ्या औषधाची, शंका आली. हे औषध खरं आहे, उपयोगाचंही आहे, पण रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून द्यायचं असतं. घेतलेलं आहे हे माहीत नसलेला माणूस वर दारू प्याला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. फिटरदादा वाचले. पण पुढे दीड वर्ष त्यांनी बायकोच्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः उठायचे, स्वतः पातेलं घासायचे, स्वतः चहा करायचे.

शेवटचा प्रयत्न एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्राचा. रात्री गाडी आली, चार माणसांनी उचललं, तीन महिने कोंडलं. तिथे रोज संध्याकाळी एकेकाला मध्ये उभं करून सगळ्यांसमोर त्याची पापं कबूल करायला लावत. त्या प्रकाराला तिथे ‘मीटिंग’ म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो आडवा आला.

आठवडाभर दवाखाना

वहिनींबरोबर फिटरदादा आले ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका अपघातातून थोडक्यात वाचल्यावर. हात सरकला होता, बोट जाता जाता राहिलं. "आजपासून बंद," ते म्हणाले. "घरी जातो आणि बंद करतो."

आमच्या डॉक्टरांनी त्यांना तसं घरी जाऊ दिलं नाही, आणि हा मुद्दा मी मुद्दाम ठळक करते. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाने एकदम थांबणं धोक्याचं असतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, माणूस वेळ-काळ विसरतो, नसलेलं दिसतं. उपचार नसतील तर यात मृत्यूही होतात. गावाकडे लोक याला ‘बाहेरचं झालं’ म्हणतात आणि अंगारा लावतात. मला याची सगळ्यात जास्त भीती वाटते.

फिटरदादांना दाखल करून थरथर आणि झटके आवरणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या उतरत्या क्रमाने दिल्या, थायमिनची म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. दुसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती. ते नर्सला सांगत होते, साखर सांडली आहे, झाडून घ्या. तिसऱ्या रात्री झोप लागली. सातव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर कपबशी उचलून दाखवली. बशी वाजली नाही. त्यांना स्वतःलाच खरं वाटेना, म्हणून पुन्हा एकदा उचलली.

दारू शरीरातून गेली होती. आता रोजच्या संध्याकाळचं काय करायचं, हा प्रश्न होता. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ए.ए.च्या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या, मीटिंगला जा, असं मी सांगितलं. ‘मीटिंग’ म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा मिटला. ती मीटिंग वेगळी, इथे कुणी कुणाला उभं करत नाही, बोलायचं नसेल तर बोलायचं नाही, नको वाटलं तर उठून यायचं, हे मी चारदा सांगितलं. शेवटी ते तयार झाले. मी त्यांना एका कागदावर पत्ता लिहून दिला: जिल्ह्याच्या गावातली नगरपालिकेची शाळा, दर गुरुवारी संध्याकाळी सात.

कुलूप

तो पत्ता आमच्या भिंतीवरच्या पत्रकातला होता. पत्रक मी नोकरीला लागले तेव्हाही तिथेच होतं. मी ते कधी तपासलं नव्हतं.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांत कळलं. त्या गुरुवारी पहिली पाळी करून ते घरी आले, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. एसटीने पाऊण तास. शाळा सापडायला आणखी वीस मिनिटं, कारण ‘दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे असते’ असं रस्त्यात कुणाला विचारायचं नव्हतं, नुसती शाळा विचारत गेले. फाटकाला कुलूप. आत अंधार. ते बराच वेळ थांबले, त्यांना वाटलं आपण लवकर आलो. शेवटी समोरच्या टपरीवाल्याने हटकलं. "ते दारू सोडणारे व्हय? ते कवाच गेले की हितनं. दोन वर्षं झाली." टपरीवर चारपाच माणसं होती. ती सगळी वळून बघायला लागली.

स्टँडवर परत जाताना वाटेत सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं.

दोन दिवसांनी ते आले, वहिनींशिवाय. चार घड्या घातलेला माझा कागद टेबलावर ठेवला. "ताई, ही तुमची चिठ्ठी." एवढंच म्हणाले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हाई, माझंच नशीब." पण चुकलं माझंच होतं, आणि त्यांनी ते नशिबावर घेतलं हे मला जास्त लागलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायाने मदत मागायला गेलेल्या माणसाला मी कुलूप लावलेल्या दाराशी उभं केलं होतं.

या वेळी दोनच दिवसांची पिणी होती. डॉक्टरांनी तपासून घरीच औषधं दिली, रोज दाखवायला सांगितलं. ते येत राहिले, यात माझं कर्तृत्व काही नाही.

त्यानंतर मी वाचायला बसले, तेव्हा एक जुना अभ्यास हाती लागला. १९८१ मध्ये अमेरिकेत सिसन आणि मॅलम्स या संशोधकांनी बाह्यरुग्ण विभागातल्या वीस जणांचे दोन गट केले. एका गटाला ए.ए.ची माहिती, ठिकाण, वेळ दिली आणि जायला सांगितलं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला भेटीतच ए.ए.च्या एका सदस्याशी फोनवर बोलायला लावलं, आणि तो सदस्य त्याला पहिल्या मीटिंगला सोबत घेऊन गेला. पहिल्या गटातलं एकही जण गेलं नाही. दुसऱ्या गटातले सगळे गेले. अभ्यास लहान आहे, पण मी जे करत होते ते नेमकं पहिल्या गटासारखं होतं: कागद देणं.

आपल्याकडचं चित्र पाहिलं तर हा कागद किती महाग पडतो ते कळतं. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० मध्ये एक. फिटरदादा त्या १८० मधले एक झाले होते, आणि आम्ही त्यांना फाटकाशी गमावत होतो.

फोन

ए.ए.ची सुरुवातच मुळी फोनवर माणूस शोधण्यातून झाली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून काही महिने झाले होते, धंद्याचं काम फिसकटलं होतं आणि समोर बार होता. त्याला कळलं की आत्ता आपल्याला आपल्यासारखा दुसरा दारुडा भेटला तरच आपण वाचू. लॉबीतल्या चर्चच्या यादीवरून तो एकामागून एक फोन लावत गेला. त्या फोनांतून त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. बॉब शेवटचं प्यायला तो दिवस १० जून १९३५, आणि ए.ए. तोच आपला स्थापनादिन मानते. हे मी फिटरदादांना सांगितलं तेव्हा त्यांनी डॉक्टरबद्दल विचारलं: "ऑपरेशन करताना त्याचाबी हात थरथरायचा का?" थरथरायचा. शेवटच्या दिवशी ऑपरेशनला जाण्यापूर्वी हात स्थिर राहावा म्हणून बिलने त्याला बिअर दिली होती. फिटरदादा बराच वेळ गप्प बसले.

मग आम्ही त्यांच्यासमोरच शोधायला बसलो. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, तिच्यावर फोन करता येतो. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसची १४४१६ आहे. मी ए.ए.च्या भारतातल्या कार्यालयाकडून जिल्ह्याचा संपर्क मिळवला आणि लावला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पेशंट समोर आहेत का? मग फोन त्यांना द्या ना." मी दादांविषयी सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. ते स्वतः बोलले तर बरं, म्हणाले. मी फोन देऊन खोलीबाहेर गेले. बारा मिनिटांनी आत आले तर दादा फोन ठेवून टेबलाकडे बघत होते. "त्यालाबी सकाळी लागायची म्हणं," ते म्हणाले. "उद्या परत फोन करतो म्हणाला."

आणि त्या माणसाने दुसऱ्या दिवशी फोन केला.

गुरुवारची शाळेतली मीटिंग खरोखरच बंद पडली होती, शाळेची खोली मिळेना म्हणून. ग्रुप एका चर्चच्या मागच्या खोलीत गेला होता, मंगळवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. आता मी कुणालाही मीटिंगला पाठवण्याआधी त्याच आठवड्यात ग्रुपमधल्या माणसाशी बोलते आणि काही गोष्टी विचारून घेते. मीटिंग चालू आहे ना, खोली कोणत्या दाराने, बोलणं मराठीत की हिंदी-इंग्रजीत, या आठवड्याची ओपन आहे की क्लोज, नवीन माणसाला स्टँडवर घ्यायला कुणी येईल का, आणि सुटल्यावर परतीची गाडी मिळते का. क्लोज म्हणजे ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच. ओपनला घरचे, डॉक्टर, माझ्यासारखे कुणीही बसू शकतात. भाषेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. आपली लाज माणूस परक्या भाषेत सांगू शकत नाही.

चर्च, विठ्ठल आणि फी

चर्चचं नाव निघाल्यावर घरात खळबळ उडाली. सासूबाई माळकरी. "दारू सोडवायला नेतील आणि धर्म बदलून आणतील." मी घरी गेले. त्यांना हसून उडवून लावण्यासारखी ही भीती नव्हती. माणूस खचलेला असताना त्याचा कुणीही फायदा घेऊ शकतो, हे त्यांनी त्या खाजगी केंद्रात पाहिलं होतं. मी सांगितलं की खोली नुसती वापरायला घेतलेली असते, ग्रुप तिचं भाडं देतो. ए.ए. कुठल्याच धर्माची किंवा पंथाची नाही. दारू सोडण्यासाठी ए.ए. सांगते त्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, पण तो ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ असं म्हणून. दादांनी फोनवाल्या माणसाला थेटच विचारलं, माझा विठ्ठल चालेल का. तो म्हणाला, चालेल की. देव न मानणाऱ्यालाही येता येतं. काहींना मात्र हा भाग शेवटपर्यंत जड जातो, अशांना मी दुसऱ्या वाटा सांगते: नियमित समुपदेशन, ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं. ए.ए.ला जाणाऱ्यालाही औषधं घेता येतात, दोन्हींचं भांडण नाही.

पैशांचं दादांनी विचारलं. फी नाही, वर्गणी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. बाहेरच्या कुणाची देणगी ए.ए. घेत नाही. दारू थांबवायची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट. नाव-गाव नोंदवायची वही नाही. त्यांचा खरा प्रश्न तोच होता: कारखान्यात कळेल का?

मंगळवार

पहिल्या मंगळवारी ओपन मीटिंग होती म्हणून मीही गेले. स्टँडवर फोनवाले गृहस्थ उभे होते. त्यांचं वर्णन मी करणार नाही. त्यांनी दादांना पाहिलं आणि चहा घेऊ म्हणाले. मीटिंगचं नाव काढलं नाही. चहा झाल्यावर तिघं चालत गेलो.

खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, अकरा माणसं, कोपऱ्यात स्टीलची किटली. भिंतीवर दोन कापडी फलक लटकवलेले, एकावर बारा पायऱ्या, दुसऱ्यावर ग्रुप कसा चालवायचा ते सांगणाऱ्या बारा परंपरा, मीटिंग संपली की गुंडाळून पिशवीत जाणारे. सुरुवातीला सगळे मिनिटभर शांत उभे राहिले. मग एकेक जण आपलं पहिलं नाव सांगून, मी मद्यपी, असं म्हणत बोलू लागला. मद्यपाश हा आजार आहे, असं ते म्हणतात. मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, चूक काढत नाही. तिथे कोण काय बोललं ते लिहायचा मला अधिकार नाही.

दादांची पाळी आली. ते म्हणाले, "मी ऐकायला आलोय." सगळ्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि पुढचा बोलू लागला. मला वाटलं, त्या क्षणी त्यांच्या मनातला तो जुना ‘मीटिंग’ शब्द थोडा सैल झाला असावा.

परतीच्या गाडीत ते मला म्हणाले, "त्यानं बाटली कुठं लपवायचा ते सांगितलं बघा. ताई, ती माझीच जागा हाय. तुमच्या वहिनीलाबी ठाव न्हाई." आणि ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

आता गाडीचं सांगते. मीटिंग सात ते साडेआठ, आणि त्यांच्या गावाकडची शेवटची एसटी सव्वाआठची. पहिल्या दिवशी ती चुकली, म्हणून मी रिक्षा ठरवली. पुढचे तीन मंगळवार ते आठलाच उठून निघाले. मीटिंग संपल्यावरची पंधरा मिनिटं त्यामुळे बुडायची, आणि खरं काम त्या पंधरा मिनिटांत होतं. किटली तेव्हा फिरते, नंबर तेव्हा दिले जातात, ‘उद्या पगार आहे, सांभाळून’ असं तेव्हा म्हटलं जातं. चौथ्या मंगळवारी ग्रुपमधल्या एकाने विषय काढला. सगळ्यांनी हात वर केले आणि मीटिंग सहाला आणली. एका नवीन माणसाच्या एसटीसाठी, जो तोवर तिथे चार वाक्यंही बोलला नव्हता. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मंगळवार जमत नाही, तेव्हा रविवारची सकाळ आहे. तीही चुकली तर ऑनलाइन मराठी मीटिंग असते, ती ते इअरफोन लावून स्टोअरच्या मागे बसून ऐकतात.

जत्रा

एप्रिलात हंगाम संपला. पाळी नाही, आवाज नाही, दिवस रिकामे. त्यात गावची जत्रा. पाहुणे, मटणाचा रस्सा आणि मागच्या शेतात दारूचं खोकं. एकोणपन्नासाव्या दिवशी ते प्यायले आणि दोन दिवस पीत राहिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्पॉन्सरला फोन केला. स्पॉन्सर म्हणजे ग्रुपमधला आधीपासून दारू सोडलेला, नवीन माणसाचा हात धरून चालणारा. त्याने रागावलं नाही, पहिला प्रश्न विचारला: किती प्यायलात, हात थरथरतोय का, दवाखान्यात जाणार का मी येऊ? ते आमच्याकडे आले, औषधं घेतली, आणि मंगळवारी त्याच खुर्चीवर जाऊन बसले. ‘आज माझा पाचवा दिवस,’ असं म्हणाले. माळेच्या वेळी एक रात्र मोडली आणि अकरा महिने वाया गेले असं त्यांना वाटलं होतं. इथे मोडलं तरी परत यायला दार होतं. माझ्या मते हाच दोन्हींतला फरक. माळेची श्रद्धा खोटी नव्हती, पण माळ मोडल्यावर जाऊन बसायला कुणी सोबती नव्हते.

२०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यासांतले दहा हजारांवर लोक आहेत. ठरलेल्या पद्धतीने ए.ए.शी जोडून देणारे उपचार वर्षभर पूर्ण दारूमुक्त ठेवण्यात इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचं त्यात आहे. तरीही अर्ध्याहून अधिक लोक वर्षभरात कधी ना कधी पितातच. म्हणून मी घरच्यांना सांगते, जत्रा येणार हे धरून चाला.

वहिनींचं काय? घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१ मध्ये ए.ए. सदस्यांच्या बायकांनीच उभं केलेलं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. आमच्या जवळपास असं काही नव्हतं. वहिनी फोनवर अल-अनॉनला बसू लागल्या, शिलाई मशीन बंद करून, आतल्या खोलीत. तिथे त्यांनी चहातल्या पुडीचं सांगितलं. नवऱ्याला त्यांनी ते कधी उघड सांगितलं नव्हतं, दादांना ते नुसतं कळलं होतं. जूनमध्ये एका सकाळी सांगितलं. दादा म्हणाले, "मला ठाव हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "आता तूच कर चहा."

त्या आता खिसे तपासत नाहीत. उशीर झाला तर बाहेर जाऊन उभ्या राहत नाहीत. भीती वाटते, पण फोन लावतात तो अल-अनॉनच्या बाईंना.

बॉयलर पेटताना

दसऱ्याच्या सुमारास कारखान्यात बॉयलर पेटवायचा कार्यक्रम झाला. जत्रेनंतरचे पाच महिने होऊन गेले होते. नव्या हंगामाच्या पाळ्या लागायच्या होत्या. दादा टाइमकीपरकडे गेले आणि म्हणाले, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मंगळवारी मला कुणाशी तरी बदली करून द्या. टाइमकीपरने कारण विचारलं. दादांनी आधी पोटदुखी, देवदर्शन असं काहीबाही मनात जुळवलं, मग खरं ते सांगितलं. कारखान्यात त्यांनी हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

टाइमकीपरने बदली लिहून घेतली. वही मिटली. दादा वळले तेव्हा तो उठून मागे आला आणि हळू आवाजात म्हणाला, माझ्या मेहुण्याला येत्या मंगळवारी तुमच्याबरोबर पाठवू का?

"सकाळी लागते का त्याला?" दादांनी विचारलं.

"उठल्या उठल्या."

"मग मंगळवार नंतर. उद्या आधी दवाखान्यात आणा, मी येतो संगं."